दरफळणीचं दार

काय सांगू तुम्हाला, माझं नाव शेगुलाबाई, पण धुळ्यात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, सगळी गल्ली मला शेगूबाईच म्हणते. माहेर कोकणात, अलिबागच्या बाजूला, तिथं आमचा तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद म्हणजे बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आमच्या लोकांना बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे आम्ही यहुदी, हे मला मोठी झाल्यावर कळलं. लग्न झालं आणि खानदेशात आले. आमचे हे इथल्या जिनमधे फिटर, कापसातली सरकी काढतात ना, तो कारखाना. आमच्या जातीचं गल्लीत आमचं एकटंच घर. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची मोठी प्रार्थना होत नाही, आता इथं दहा कुठून आणायचे, तर हे एकटेच डोक्यावर टोपी घालून म्हणायचे, आणि दहा जणांचा आवाज एकटेच काढायचे. मी म्हणायची, अहो हळू, देव काही बहिरा नाही.

सासूबाई बाळंतपणं करायच्या, त्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या गेल्यावर बायका मलाच बोलवायला लागल्या. शेजारची भागाअक्का तर काय, घरचीच. तिच्या दोन लेकी माझ्या हातानं मोकळ्या झाल्या.

तर वर्षातून एक दिवस आमचा दरफळणीचा असतो. पांढरे कपडे, कडक उपवास, पाण्याचा थेंब नाही. आदल्या संध्याकाळी दार लावायचं ते दुसऱ्या संध्याकाळी तारे दिसले की उघडायचं, मधे बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही. कोण जगायचं कोण नाही त्याचा निवाडा देव त्या दिवशी करतो असं आई सांगायची. आणि मधेच दार उघडलं की आपलं मागणं वाया गेलं, असंही आम्ही धरून चाललेलो. कुणी सांगितलं होतं देव जाणे. भागाअक्काला हे सगळं पाठ, त्या दिवशी ती आमच्या ओट्यावर कोंबडीसुद्धा चढू द्यायची नाही.

आमचा दाऊद, एकुलता एक मुलगा हो, लढाईवर गेला, ब्रह्मदेशाकडे लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायला. पावसाळा लागल्यापासून त्याची काही खबर नाही. त्या वर्षी मी दरफळणीची वाट बघत होते, दुसरं काही मागायचंच नव्हतं. दाऊद परत येऊ दे, बस.

आणि भर दुपारी दार वाजलं. भागाअक्काच. बाहेरूनच म्हणाली, शेगूबाई, माले माहीत शे आज तुनं दार उघडत नही, पण मनी सून मरी जाई. पोटातल्या बाळाचा पाय पुढे आला होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही, एवढंच म्हणाले, दाऊदचं मी मागतो, तू जा. कडी मीच काढली.

सून वाचली, मुलगी झाली, आधी रडेना, मग गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. भागाअक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला, मग तिलाच आठवलं आणि तिनं तो मागे घेतला. घरी आले तेव्हा तारे निघाले होते, हे अजून प्रार्थनेला उभेच होते.

थंडीत लष्कराकडून तार आली. दाऊद गेला.

मी काय म्हटलं असेल तुम्हीच सांगा. मी म्हटलं, मी दार उघडलं. ह्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही. मुंबईहून ह्यांचे मामा आले, ते म्हणाले, वेडी आहेस का, जीव वाचवायला सगळं मोडावं असं आपलाच धर्म सांगतो. बरं वाटलं ऐकून, आणि मग जास्तच राग आला, मग माझ्या पोरानं काय केलं होतं? भागाअक्का यायची बंद झाली. नातीला माझ्यासमोर आणायची नाही. मला जे वाटत होतं तेच तिलाही वाटत असणार, हे मला समजत होतं.

पुढच्या दरफळणीला मी दार लावलंच नाही. हे आत उपवास धरून बसले, मी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बाजरी पाखडत बसले. देवाला म्हटलं, बघ, उघडं आहे, आता काय न्यायचं ते ने. भागाअक्का आली, कडेवर नात. माझ्या हातातलं सूप घेऊन आत ठेवलं, दंडाला धरून मला आत घातलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. मी म्हटलं, उघड. ती म्हणाली, तू मझार बस, मी आठेच बसेल शे. कोनले येऊ देत नही.

दिवसभर तिथंच बसली हो ती ओट्यावर. आत मी भिंतीला टेकून, मागायला काही उरलंच नव्हतं. मग बाहेर ती पोर रडायला लागली, भुकेची असेल, आणि मी किती महिन्यांनी रडले. संध्याकाळी माझ्या तोंडून मागणं निघालं ते तिच्यासाठी निघालं, हिला तरी मोठी होऊ दे.

आता इंग्रजही गेला, हे थकले, पोरगी पळते सगळीकडे. देवावरचा माझा राग गेला असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू, पण दार लावते. भागाअक्का बाहेर बसते म्हणून लावते. यंदा तिचे गुडघे फार धरलेत, मी म्हटलं, अक्का, नको बसू या वर्षी. तर मलाच विचारते, मंग दार कोन राखी?

देव तिचे गुडघे धड ठेवो.