डोळ्याची गाडी

आमचं गाव बिलोली तालुक्यातलं. होतं म्हणावं लागंल, आता तिथं तळं हाय. वरचं गाव अजून हाय, पण खालच्या अंगाला ओढ्याकाठी आमची वस्ती होती, ती पाण्यात गेली. आमची माणसं छप्पन्ननंतर बौद्ध झालेली, घरोघरी बुद्धाची तसबीर, पण काम तेच, दुसऱ्याच्या रानात. बाप मी लहान होतो तवाच गेला. माय, दादा अन् मी. दादा म्हणजे लक्ष्मण, माझा थोरला भाऊ, अंगानं दणकट. त्यानं शाळेचं तोंड पाहिलं न्हाई, मी पाहिलं, काहून की एकानं रानात गेल्याबिगर दुसऱ्याला शाळेत जाता येत न्हवतं. शाळेत मला अक्षराचा नाद लागला, मंग चित्राचा. जयंतीचा फलक मीच रंगवायचो. दादा बाजूला उभा राहून बगायचा अन् विचारायचा, यात माझं नाव कुठं हाय रे किसन. मी म्हणायचो, तुझं नाव न्हाई त्यात. मंग म्हणायचा, मला काय, तू काही बी सांगशील.

गावच्या फाट्यावर एक हॉटेल होतं. तिथं आमचे कप वेगळे, बाहेर वळचणीला ठेवलेले. आपणच घ्यायचा, ते वरून चहा ओतायचे, पिऊन झाला की आपणच विसळायचा अन् फळीवर उपडा ठेवायचा. कायद्यानं ते बंद झालेलं, पण फाट्यापर्यंत कायदा आला न्हवता. दादाला त्याची अशी सवय लागली की पुढं उदगीरला अब्दुलभाईच्या घरी आम्हाला बशीकपात चहा मिळाला, तर तिथंही यानं कप विसळून उपडा ठेवला. अब्दुलभाईची बीवी हसली, म्हणाली, अरे भाई, ये काम मेरा है. दादा लाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

हा अब्दुलभाई म्हणजे फोटोवाला. उदगीरला त्याची खोली होती, पण खरा धंदा जत्रेतला. तंबू लावायचा, मागं पडदा, पडद्यावर डोंगर अन् कारंजं. बाहत्तरच्या दुष्काळात माझी शाळा सुटली. दादा अन् माय तळ्याच्या कामावर खडी फोडायला, मी उदगीरला एका पेंटरच्या हाताखाली, तिथं अब्दुलभाईनं मला हेरलं. दुसऱ्या तंबूवाल्यानं लाकडी विमान आणलं होतं, माणसं तिकडं पळून राहिली होती. अब्दुलभाई म्हणाला, अपने कू गाडी होना, विमान में बैठके आदमी डरता है, गाडी में हसता है.

टायरच्या दुकानाच्या कॅलेंडरवर एक गाडी होती. विलायती, शर्यतीची, दोनच माणसांची, वरून उघडी. आम्ही गाडी म्हणजे तहसीलदाराची जीप पाहिलेली. ही जमिनीला टेकलेली, पोटावर सरकणाऱ्या जनावरावानी. मी प्लायवर खडूनं काढली, थोडी तिरपी, म्हणजे तोंड बी दिसंल अन् कूस बी दिसंल. कामाला सुट्टी होती म्हणून दादा आला होता, त्यानं करवतीनं कापली, कडा घासल्या. लाल रंग दिला. काय सांगू तुम्हाला, काय गाडी होती ती. पुढच्या चाकावर अशी फुगीर, बैलाच्या वशिंडावानी, मंग दारापाशी खाली उतरायची, पुन्हा मागच्या चाकावर चढायची. कुठं कोपरा न्हाई. तोंड हसरं, जाळीचे दात, अन् दोन डोळे, गोल.

डोळ्याशी मी अडलो. कितीबी चंदेरी रंग लावा, मेलेल्या माशाचा डोळा दिसायचा. दादा म्हणाला, डोळे मोठे पाहिजेत, वाट दिसली पाहिजे तिला. तो गावी गेला अन् मायची जर्मनची दोन झाकणं घेऊन आला, भगुण्यावरची. मी म्हणालो, माय काय म्हणाली. तर म्हणाला, माय म्हणाली, घेऊन जा, भगुण्यात काही न्हाई, झाकून काय ठेवू. ती झाकणं राखेनं घासून खिळ्यांनी ठोकली. ऊन पडलं की जत्रेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकायची. माणसं म्हणायला लागली, डोळ्याच्या गाडीत फोटो काढू. तंबूवर मी मोठं नाव लिहिलं होतं, ते कोणी वाचलं न्हाई.

त्याच साली मुकादम माणसं नेऊन राहिला होता, तिकडं तेलंगणात कालव्याच्या कामावर. दादानं जायचं ठरवलं. तवाच तळ्याचं पाणी कुठवर येणार त्याच्या खुणांचे दगड लागले होते, ते आमच्या वस्तीच्या वर लागले. म्हणजे ज्या तळ्याची खडी माझ्या मायनं फोडली त्याच तळ्यात तिचं घर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी न्हवतं, काहून की काम बंद पडलं तर कामावर पोटाला मिळणारी सुकडी बंद पडंल. जायच्या आधी दादा उदगीरच्या जत्रेत आला. अब्दुलभाईनं त्याला गाडीत बसवलं, एक हात दारावर, एक चक्रावर. फोटो काढला. उतरल्यावर दादा गाडीच्या समोर गेला अन् लई वेळ तिच्याकडं बगत राहिला. मी म्हणालो, काय बगतोस, तूच तर कापली. तो म्हणाला, मला बोर्ड वाचता येत न्हाई किसन, हिचं तोंड वाचून घेतो. घर राहतंय का जातंय कोण जाणे. तू मायला घेऊन हिच्याजवळ राह्य. मी कोणत्याबी जत्रेत येईन, हे डोळे दिसले की मी आलो.

माझा पत्ता गाडी होती, असं समजा.

पहिल्यांदा त्याचे निरोप यायचे, माणसांसंग, बरा हाय म्हणून. मंग वस्ती उठली. कोण नांदेडला गेलं, कोण निजामाबादेकडं, मी मायला उदगीरला आणलं. निरोप आणणारी माणसंच पांगली. मी एकदा कालव्यावर जाऊन आलो. काम संपलेलं, पाणी वाहत होतं, तिथल्या माणसांना तेलुगू येत होती, मला येत न्हवती. ते हातानं दाखवायचे, पुढं गेले, पुढं. मी पुढं गेलो. पुढं बी पाणीच होतं. परत आलो. दुसरं काय करणार.

माय मात्र प्रत्येक जत्रेला यायची. गाडीच्या पुढच्या चाकाशी पोतं टाकून बसायची. अब्दुलभाई म्हणायचा, अम्मा, धूप में मत बैठ. माय म्हणायची, गाडी उन्हात हाय, मी बी बसते. तिला वाटायचं की डोळ्याला सावली पडली तर चमकणार न्हाई, म्हणून कोणी सामान पुढं ठेवलं की हाकलायची. गिऱ्हाइकाला बी हाकलायची.

मंग लातूर जिल्हा झाला. तोवर आमचं उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूरला गर्दी वाढली, कॉलेजची पोरं वाढली, अन् ती पोरं जत्रेत येऊन आमच्या गाडीला हसायला लागली, म्हणायची, ही तर आजोबाची गाडी, मामा आता असली कुठं राहिली. एकानं रंगीत मासिक आणून दाखवलं. त्याच गाडीचं नवं रूप होतं, त्याच कंपनीचं म्हणे, नाव बी तेच. मी पाहिलं तर आई अन् लेक म्हणावं असं काही न्हवतं त्यात. जुनी गोल, ही पाचरीवानी, पुढं निमुळती, मागं एकदम कापून टाकलेली. वशिंड गेलं, कंबर गेली, शेंडीपासून शेपटीपर्यंत पट्टी धरून एक रेघ. जुनीला तोंडाखाली चमकती पट्टी होती, तिथं काळं रबर. दात गेले, तोंड मिटलेलं. अन् डोळे न्हाईतच. मी पोराला विचारलं, दिवे कुठं हायत. तो म्हणाला, आत हायत, बटण दाबलं की वर येतात, त्यानं वारा अडत न्हाई. मी म्हणालो, बरं हाय. देखणी होती, खोटं बोलत न्हाई. कुऱ्हाडीचं पातं बी देखणंच असतं.

अब्दुलभाई म्हणाला, किसन, जिल्हा नया हो गया, गाडी वोइच पुरानी, कैसा चलेगा. मी म्हणालो, भाई, दुसरी करू, जुनी राहू द्या. तो म्हणाला, एसटीच्या टपावर एकच फळी चढते, दुसरी क्या तेरे सर पे रखूं. खरं होतं त्याचं. त्याला बी घर होतं, विमानवाल्याकडं रांग लागायची अन् आमच्याकडं माशा. मी सांगितलं, दादा येणार हाय ना भाई. त्यानं गाडीच्या डोळ्यावरून हात फिरवला. मंग म्हणाला, आंखां रहने दे, बाकी गाडी नयी बना.

तसं केलं. जुन्याच प्लायला कापून, जोडून नवी गाडी केली, अन् तिला जुनी झाकणं ठोकली. पहिल्याच जत्रेत पोरं पोट धरून हसली. एक म्हणाला, नवरी नवी अन् डोळे सासूचे. रांग पुन्हा विमानाकडं गेली. दोन जत्रा अब्दुलभाईनं सोसलं, मंग त्यानं माझ्याकडं न बगता सांगितलं, वो आंखां निकाल दे.

मी खिळे उपसले. जिथं डोळे होते तिथं बंद पापणीवानी रेघ ओढली. आता बायका बसंनात. एक म्हातारी नातवाला ओढून घेऊन गेली, म्हणाली, डोळे मिटलेल्यात बसवू नका लेकराला, मेलेल्याचे डोळे मिटतात. अब्दुलभाई तिच्या मागं ओरडला, सो रइ है मावशी, मरी नहीं. पण कॉलेजची पोरं यायला लागली, चश्मे घालून, पाय वर करून, धंदा लागला. झाकणं मी मायला परत दिली. तिनं भगुण्यावर ठेवली, आता भगुण्यात भात असायचा. खिळ्याच्या भोकातून वाफ यायची अन् माय त्या भोकाकडं बगत बसायची. जत्रेला यायचं तिनं सोडलं, म्हणाली, तिथं आता काय हाय.

त्या साली मला दुसरं काम बी लई होतं. नवा जिल्हा म्हणजे सगळे बोर्ड नवे. शाळा, दवाखाने, चावड्या, प्रत्येक बोर्डावर जिल्हा उस्मानाबाद खरवडायचं अन् जिल्हा लातूर लिहायचं. गावं जागच्या जागी, पत्ते बदलून राहिलो होतो आम्ही. उदगीरची जत्रा लागली तवा मी अहमदपूरकडं होतो, बोर्डावर.

परत आलो तर तंबूशेजारची चहावाली गंगाबाई म्हणाली, पेंटर, तुमच्याकडं कोणी आलं होतं का. म्हणाली, एक माणूस आला, पांढरी दाढी, डोक्याला पंचा, मराठी बोलायचा पण मधी मधी तेलुगू. मला विचारलं त्यानं, इथं डोळ्याची गाडी होती ना. मी म्हणाले, ती गेली बाबा, आता ही हाय. मी म्हणालो, मंग. मंग काय, ती म्हणाली, ह्या गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. इकडून बगितलं, तिकडून बगितलं. मी म्हणाले, फोटो काढायचा का, तर नको म्हणून मान हलवली. चहा मागितला. मी म्हणालो, नाव सांगितलं का. ती म्हणाली, मी कशाला विचारू, गर्दी होती. पण माणूस येडा होता जरा. चहा पेला अन् माझ्या बादलीतलं पाणी घेऊन कप स्वतः विसळला, अन् फळीवर उपडा ठेवून गेला. मी म्हणाले, राहू द्या की हो, तर ऐकलंच न्हाई.

अब्दुलभाई तवा घरी जेवायला गेला होता, त्यानं त्याला पाहिलं न्हाई. मी सगळी जत्रा पालथी घातली. एसटी स्टँड, रेल्वे ठेसन, किल्ल्याकडची वाट. पण तो माणूस परवाच येऊन गेलेला, मी आज शोधून राहिलो होतो.

आता तुम्ही विचाराल, तो दादाच होता का. मला सांगता येत न्हाई. डोळ्याची गाडी सगळा मुलूख ओळखायचा, तिच्यात कोण कोण बसलं होतं. दाढी कोणाचीबी पांढरी होते. अन् कप विसळून उपडा ठेवणं, ते काय एकट्या दादाचं न्हवतं. आमच्या वयाच्या आमच्या सगळ्या माणसांचं होतं ते. तेवढ्यावरून भाऊ कसा म्हणावा. अन् कसा म्हणू नये.

मायला सांगावं का न्हाई, याचा विचार केला, अन् सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, चहा पेला का त्यानं. मी म्हणालो, पेला. ती म्हणाली, बरं. मंग उठली, भगुण्यावरची झाकणं काढून राखेनं घासली अन् माझ्या हातात दिली.

मी ती अब्दुलभाईकडं नेली. त्यानंच हातोडी घेतली अन् त्या मिटल्या पापण्यांवर स्वतः झाकणं ठोकली. पोरं हसली, हसू दिली. विमानाकडं रांग गेली, जाऊ दिली. पुढं जेवढ्या जत्रा केल्या तेवढ्या त्या सासूच्या डोळ्यांनीच केल्या. माय पुन्हा पोतं टाकून बसायला लागली, बसत राहिली, मंग तिचं चालणं थांबलं अन् मंग ती गेली. कोणी आलं न्हाई. अब्दुलभाई बी गेला. फळी त्याच्या खोलीमागं भिजून फुगली, तिचे पापुद्रे निघाले. तंबू उठले, माणसं आपल्याच फोनात आपला फोटो काढतात, अन् बोर्डाचं काम फ्लेक्सवाल्यांनी नेलं.

मी आता लातूरला लेकाकडं असतो. हात थरथरतो, ब्रश धरवत न्हाई. जो कोणी होता, त्याला त्याची माणसं भेटली असोत. त्याची वाट त्याला दिसली असो, आमची न्हाई तर दुसरी. आमच्या गाडीपासून तो उपाशीतापाशी गेला न्हाई, चहा पिऊन गेला, एवढं आम्हाला कळलं हाय.

सून चांगली हाय. चहा झाला की म्हणते, मामा, कप ठेवा तसाच, मी हाय ना. मी म्हणतो, असू दे बाई. विसळतो, उपडा ठेवतो, मंग उठतो.