चावलेली मोहर

“चूळ भरा,” आत डॉक्टरीणबाई पेशंटला म्हणाल्या.

“सोनं मऊच असतं गं,” बाहेर एक मामा भाचीला म्हणाला.

“गेलेले परत आले का, एवढंच कळू दे देवा,” ती पुटपुटली.

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या सुताराने कान टवकारले. ती संशोधक मुलगी आणि तिचा मामा शेजारीच बसले होते. सोन्याच्या जुन्या मोहरेवरचे दातांचे व्रण तपासायला तिने ती आत दिली होती.

“मामा, मोहर परक्या राजाची. त्याच्या लढाईला तुमच्या गावचे भाडोत्री शिपाई गेले होते.”

“गेले ते गेलेच, असंच ऐकत आलोय.”

“मग ती गावातल्या जुन्या चुलीखाली कशी सापडली?”

“व्यापाऱ्याने आणली असेल.”

“आमचे सरही तेच म्हणतात. दातांचे व्रण सराफाचे म्हणे, सोनं पारखायला चावलं असेल.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“घरातल्या लेकराचे.”

“तुझं आपलं काहीतरीच!”

दार उघडलं. डॉक्टरीणबाई मोहर आणि भिंग घेऊनच बाहेर आल्या.

“दुधाचे दात! तीनेक वर्षांचं पोर असणार.”

“मामा! लढाईवरून बाप घरी आला होता!”

“आला गं बाई, आला! व्यापारी कशाला पोराला मोहर चघळू देतोय? ते बापानंच करावं!”

सुतार दुखऱ्या गालानंच हसला.

मुलगी रडवेली दिसली म्हणून आपला पुढचा नंबर त्यानंच तिच्या मोहरेला दिला होता.