पिवळं झबलं

"नवी साडी, एका धुण्यात बादली लाल झाली गं. वर कमरेला खाज. आणि दुकानदार मलाच म्हणतो, मिठाच्या पाण्यात भिजवायची होती आधी."

मंडळी, हे माझं नाही हो. मृदंग लागेपर्यंत मी खांबाला टेकून उभी होते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका माउलीनं शेजारणीच्या कानात हे सांगितलं. नाव घेत नाही. बाई, पदर तोंडावर घेऊ नका, तेवढ्यानंच ओळखू याल.

आज दुसरं आख्यान लावणार होते, ते राहू दे. या माउलीच्या बादलीतूनच एक प्रश्न निघतो — जे आपण आपल्या लेकराच्या अंगाला लागू देणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी करून द्यावं का?

"नाही" म्हणालात. लगेच म्हणालात. गुरवबुवा तर पेंगत होते, तेही नाही म्हणाले. बरं. ऐका तर.

कृष्णाकाठी एक गाव. गावाबाहेर पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बेचाळीस बाया. तान्ह्या बाळांचे कपडे शिवायच्या — झबली, टोपडी, दुपटी. कापूस बिनफवारणीचा, रंग झाडाचा. ज्यूसच्या गाड्यांवरून डाळिंबाची साल पोत्यांनी यायची, वाळायची, हिरडा नि तुरटी घालून कढईत उकळायची. मग कापडाला जो पिवळा यायचा ना — तूप घातलेल्या वरणासारखा. प्रत्येक झबल्याला मानेपाशी एक पट्टी, पट्टीवर हिरवं पान, आणि खाली लिहिलेलं, 'झाडाच्या रंगात रंगवलेलं.' माल मुंबईच्या एका कंपनीकडं जायचा, तिथून परदेशी.

मालक शशिकांत बेडगे. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला सोपं जाणार नाही. रंगाच्या कढईवर शालन आक्का. नवरा गेला तेव्हा बेडग्यांनीच तिला कामाला घेतलं. तिची लेक वैजू मशीनवर पट्ट्या लावायची. वैजूला कळा सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यात कुणी नेलं? मालकांनी. स्वतःच्या जीपमधून, भर पावसात, वाटेत दोनदा खाली उतरून चिखलातून जीप ढकलत.

हे अगदी अलीकडचं. त्याच्या वर्षभर आधी कपड्यांची मागणी वाढली. तिप्पट झाली. साल वाळायला चार दिवस, कंपनीला माल हवा परवा. एक दिवस शेडमध्ये निळा ड्रम आला, लेबल खरवडलेलं. आत पिवळी पूड. अर्ध्या तासात रंग तयार, आणि डाळिंबापेक्षाही देखणा.

मालक म्हणाले, "आक्का, एवढा एक लॉट. पुढच्याला साल आणू."

मंडळी, तो एक लॉट वर्षभर चालला.

आक्काच्या बोटांना चिरा पडल्या. भाकरी थापताना पीठ चिरांत जाऊन बसायचं. मागच्या ओढ्याला म्हशी तोंड लावीनात. शेडमध्ये कुणी ब्र काढला? छे. बोलायला विषय थोडे का होते — सुना, गुडघे, टीव्हीतली ती दोन नवऱ्यांची बाई. ड्रमावर डबे ठेवून जेवायच्या, पण ड्रमाचं नाव नाही.

मग एका मंगळवारी मुंबईहून कंपनीच्या मीनल मॅडम पाहणीला आल्या. ड्रम सकाळीच मागच्या पत्र्याआड गेला, कढईपाशी सालीची दोन पोती येऊन बसली. मॅडम साधी, घरच्यासारखी. तिनं साल हातात घेतली, वास घेतला, खूश झाली. म्हणाली, "बेडगे, पुढची तीन वर्षं काम तुमच्याकडेच. निघायच्या आधी सही करते."

तीन वर्षं. बेचाळीस घरांच्या चुली. बायांनी मान वर केली नाही, पण मशीनं कशी झरझर पळायला लागली.

तेवढ्यात झोळीतलं बाळ रडलं. वैजूचं, दीड महिन्याचं. वैजूनं उचललं. अंगात काय? आक्काच्या जुन्या लुगड्याचं झबलं, धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं.

मॅडमला हसू आलं. "अहो, बेचाळीस जणी बाळांचे कपडे शिवता, आणि तुमचंच बाळ जुन्यात?"

मालकांना एकदम उत्साह आला. लपवायचं असलं की माणूस जरा जास्तच उत्साही होतो, बघितलंय ना? त्यांनी ढिगातलं वरचं पिवळं झबलं उचललं. "घाल की गं वैजू. मॅडम, फोटोच काढा."

वैजूचा हात पुढं होईना.

एक मशीन थांबलं. मग दुसरं. मग सगळीच.

"त्याची झोपायची वेळ हाय," एक म्हणाली. बाळ टक्क जागं.

"डोस दिलाय, अंग गरम हाय," दुसरी म्हणाली.

"अगं, दोन मिनिटांचं काम," मालक म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम.

तेव्हा आक्का कढईवरून आली, पदराला हात पुसत. "मॅडम, सव्वा महिना होईस्तवर आमच्यात बाळाला नवं कापड घालत न्हाईत. जुनंच. रीत हाय."

आता रीत खरी आहे. तुमच्या आज्यांनी तुम्हालाही जुन्यातच गुंडाळलं होतं. पण बाळ दीड महिन्याचं होतं हो! सव्वा महिना सरून आठवडा झालेला. दिवस मोजता प्रत्येकीला येत होते. मोजले कुणीच नाहीत. रीतीच्या आड उभं राहिलं की माणूस दिसत नाही, हे एक बरं असतं.

मॅडमला पटलं. "किती छान. मग नकोच."

मालकांनी श्वास सोडला. आक्कानंही. मशीनं परत सुरू. सुटलं एकदाचं. इथंच संपलं असतं तर मी आरती लावून घरी गेले असते.

पण मॅडमनं झबलं खाली ठेवलंच नाही. "हे मी नेते हं, माझ्या मुलीला. पाच महिन्यांची आहे. दात शिवशिवतात, मिळेल ते चोखत बसते. हे चोखलं तरी मला घोर नाही, झाडाचाच रंग." तिनं झबल्याची बाही आपल्या गालाला लावून बघितली, घडी घातली, पिशवीत ठेवलं. कागद पुढं ओढले. पेन काढलं.

मालकांनी आक्काकडं बघितलं. दटावलं असतं तर बरं झालं असतं. हात जोडल्यासारखं बघितलं.

मंडळी, पेनाचं टोपण निघालंय. तिथं, आक्काच्या जागी, मी तुम्हाला उभं करते. मघाशी तुमचं 'नाही' फार लवकर आलं होतं, आता या बघू. म्हणाल, आम्ही कुठं रंग ढवळतो, आम्ही नुसतं विकत घेतो. खरंय. दोनावर एक फुकट मिळालं की पिशवी भरून आणतो. एवढ्यात कसं परवडलं त्याला, कुणाच्या हाताला चिरा पडल्या, कुठला ओढा पिवळा झाला — विचारलं कधी दुकानात? मीही नाही विचारलं. ही अंगावरची शाल मागच्या गावच्या मंडळानं दिली, मी पट्टी न वाचता पांघरली. आपल्या प्रत्येकाच्या कपाटामागं एक ड्रम उभा आहे, पत्र्याआड. आपणही त्यावर डबे ठेवून जेवतो.

आक्का म्हणाली, "बाई."

मशीनांच्या आवाजात मॅडमला ऐकू गेलं नाही. वैजूनं आपलं मशीन बंद केलं. मग तिच्या शेजारणीनं.

"बाई, ते झबलं माघारी द्या."

"का? आमच्याकडे ती रीत नाही, आक्का."

"रीतीचं न्हवं." आक्कानं दोन्ही तळवे पुढं केले. चिराचिरांत पिवळं बसलेलं, साबणानं न गेलेलं. "ह्यो रंग झाडाचा न्हाई. पत्र्याआड ड्रम हाय. वरीस झालं, मीच ढवळतीया."