आधीच पाठ झालेली यादी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी, आणि वर्षानुवर्षं आमचे तेच ते कंटाळवाणे प्रश्न न रागावता सोसणाऱ्या सभागृहातल्या सगळ्या आजी-आजोबांनो,

अध्यक्षांनी मला हरभऱ्याच्या झाडावर बरंच उंच चढवलं आहे. आता माझी मी उतरते. कारण आज मला एक काम उरकायचं आहे, आणि ते या सभागृहाबाहेर होणारं नाही.

तेहेतीस वर्षं मी म्हातारपणातल्या स्मरणशक्तीचा अभ्यास केला. आमची पद्धत साधी. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, वीस मिनिटांनी त्यातले किती आठवतात ते पाहायचं. वर्षांची तुलना करता यावी म्हणून सुरुवातीला दरवर्षी यादी तीच असे. वाचायची एका सेकंदाला एक शब्द, आवाजात चढउतार न करता. सोपं वाटतं ना? करून बघा! मी घरी ओट्यापाशी उभी राहून सराव करायचे. सासूबाई बाजूला मटार सोलत बसलेल्या असायच्या.

आमच्या अभ्यासात त्याही होत्या. घरच्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही हा नियम मी कसोशीने पाळला. माझा सहकारी घ्यायचा. दरवर्षी त्यांना पंधरापैकी चौदा! घरी मात्र त्या एकच गोष्ट चारचारदा विचारायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, आईचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणायचे, "आकडे बघ, आकडे." विद्वानाच्या घरात शहाण्या माणसाचं कोण ऐकतं?

आमच्या स्वागतकक्षात एक ताई होत्या. नोंदणी करायची, पाणी द्यायचं, चुकलेल्याला खोली दाखवायची, हे त्यांचं काम. एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, एक बोलू? तुमच्या सासूबाई बाथरूमला जाऊन आल्या की परत मलाच विचारतात, बाथरूम कुठंय. आणि ते शब्द आहेत ना, ते त्या आत जायच्या आधीच म्हणत बसतात."

मी काय केलं? ताडकन म्हणाले, "तुम्ही वह्या सांभाळा. निदान करायला आम्ही आहोत." बाकांवर आठ-दहा माणसं बसलेली होती. ताई नोंदवहीकडे वळल्या.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला नवी यादी काढायला लावली. वीस मिनिटांनी सासूबाईंना एकही शब्द आठवला नाही. मुळात यादी वाचली होती हेच आठवेना. जुनी यादी मीच त्यांना रोज मटारांबरोबर खाऊ घातली होती.

मी खूप रडले. पण वेळ पुरती गेली नव्हती. सासूबाई तेव्हा स्वतःचं म्हणणं सांगू शकत होत्या. "मला घरातच ठेवा, आणि मी विसरले की माझ्यावर ओरडू नका," एवढंच त्यांनी मागितलं. पुढची चार वर्षं आम्ही ते पाळलं. नवरा त्याच प्रश्नाला पाचव्यांदाही हसून उत्तर द्यायला शिकला. त्या गेल्या तेव्हा आमच्या मनात कडवटपणा नव्हता. ती चार वर्षं ताईंनी दिलेली आहेत.

पुढे आम्ही दरवर्षी यादी बदलू लागलो. त्यावरच्या लेखामुळे माझं नाव झालं. त्या लेखाच्या आभारात छपाईवाला आहे, संगणक दुरुस्त करणारा आहे. ताई नाहीत. मी त्यांच्याशी गोड बोलू लागले, त्यांच्या मुलीच्या लग्नालाही गेले, पण "माझं चुकलं" हे शब्द काही तोंडातून फुटले नाहीत.

ताई आज शेवटच्या रांगेत, दारापाशी बसल्या आहेत. नेहमीप्रमाणे कुणाला काही लागलं तर, म्हणून.

संस्थेने मला घडवलं, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, घरच्यांनी माझे आकडे सहन केले. सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं.

ताई, तुम्ही मात्र लगेच घेऊ नका. त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत बोलले होते, म्हणून आज चारचौघांत सांगते. तुम्ही नीट पाहिलंत, मी पाहिलं नाही. माझं चुकलं.