लांबट टिकली

राजपुऱ्यातल्या दवाखान्यात शारदाबाईंचा नंबर सहावा होता. समोरच्या बाकावर दोन पोरी बोलत होत्या, आणि कान काही मिटून घेता येत नाहीत.

"मृणाल, कारखान्याच्या लॅबमध्ये तू दिवसभर करतेस तरी काय?"

"पत्रा ताणते. त्यावर बारीक वर्तुळं छापायची, मग प्रेसमध्ये दाबायचा. वर्तुळ जिकडे लांबतं, तिकडे पत्रा ताणलाय."

"सगळीकडे सारखाच ताणला जात असेल ना?"

"नाही ना. रोलमधून निघाला त्या दिशेनं वेगळा, आडवा वेगळा. एखादं वर्तुळ फारच लांबलं की समजायचं, इथून फाटणार. पत्रा चांगला दिसत असतो, पण वर्तुळ आधीच सांगतं."

"बढिया काम आहे की. मग नोकरी का सोडतेस?"

"मावशी गेली त्या सकाळी तिची टिकली मला लांबट दिसली."

"लांबट टिकल्या मिळतात बाजारात."

"पाकीट बघितलं मी. बाकीच्या सगळ्या गोल होत्या. मग लॅबमधल्या कोकिळाताईंची तशीच दिसली."

"त्या तर..."

"हो. तिसऱ्या दिवशी."

"काहीतरीच तुझं. डॉक्टरांना सांग, झोपेची गोळी देतील."

"म्हणून मी आता कोणाच्या कपाळाकडे बघतच नाही, निशा."

शारदाबाईंच्या मांडीवरून रिपोर्टची फाईल घसरली. मृणालनं ती उचलून दिली, आणि देताना तिची नजर शारदाबाईंच्या टिकलीवर थांबली.

"काकू, तुमचा नंबर कितवा?"

"सहावा, बाळा."

"माझा आत्ताच आहे. माझ्या जागी तुम्ही जा."