मोटरहोमच्या छतावर पाणी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका नर्सबाईंच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक होती. विषय चालला होता घरच्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, छताचा.

“बाबा, पत्रा ठणठणीत आहे. गळतात ते सांधे आणि छतातल्या खिडकीच्या कडा.”

“मग मी दर पावसाळ्याआधी डांबर फासायचो ते?”

“ते उन्हानं तडकलं. मी सगळं खरवडून नवीन सीलंट भरलंय. आता दर वर्षी वर चढून बघायचं, चीर दिसली की लगेच बुजवायची.”

“हं.”

“काल मी वर पाईपनं पाणी मारत होते, तेव्हा तुम्हाला आत छताकडे बघायला बसवलं होतं. कुठे थेंब पडला का?”

“काय माहीत! मला झोप लागली.”

“बाबा!”

“तू केलेलं काम, त्यात बघायचं काय? पलंगावर पाठ टेकली, डोळा लागला.”

“आणि गळलं असतं तर?”

“तोंडावर पडलं असतं, उठलो असतो.”

नर्सबाईंना हसू आवरेना.

“पण आईचं काय? गादी भिजल्यापासून ती गाडीत पाय ठेवत नाही.”

“अगं, मला जाग आली तेव्हा ती शेजारी घोरत होती. वर तुझं पाणी चालूच होतं.”