माझ्या बाजूचा ब्रेक

नाही नाही, पडलं-बिडलं नाही हो ते — वायर ओढली गेली. ओढली गेली म्हणजे काय, मीच ओढली. प्लग काढायचा सोडून वायरच धरली आणि दिला हिसका, तुटली मागून. तेवढी जोडायचीय. बाकी गेमचं हे स्टेअरिंगचं चाक ठणठणीत आहे, पेडलही तिन्ही ठीक आहेत — क्लच तेवढा जपून, माझ्या पायाची सवय झालीय त्याला. नातवाचं? नातू कुठला! माझंच आहे. हसा, हसा. चौसष्ट पूर्ण झाली मला, आणि मी गेममध्ये गाड्या घसरवते. ड्रिफ्टिंग म्हणतात ना, तेच — वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरू द्यायची आणि गाडी आडवी करून न्यायची. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी, गाडी घसरू द्यायची नाही हे सांगून सांगून घसा कोरडा केला, आणि आता हे!

वेळ जात नाही म्हणून खेळते — असं मी सगळ्यांना सांगते. सगळ्यांना म्हणजे कोणाला, खालच्या मजल्यावरच्या बाईंना. हे गेल्यापासून घरात बोलायला आहे कोण? मुलगी आहे, पण ती लांब. फोन होतो महिन्यातून एकदा — बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस, जेवले, संपलं. जावई मात्र मोकळा माणूस. तोच बोलून गेला एकदा — आई, तुमची लेक रोज संध्याकाळी गेममध्ये लोकांना ड्रिफ्टिंग शिकवते, ‘घसरगुंडी’ नाव घेतलंय तिनं, लोक रांगा लावतात. मी म्हटलं, असेल बाई. आणि दुसऱ्या दिवशी हे चाक घेऊन आले. ‘नवखा’ असं नाव घेतलं, माईक बिघडलाय म्हणून लिहून टाकलं — माझा आवाज ऐकला असता तर संपलंच असतं की — आणि जाऊन बसले तिच्या क्लासात. चार महिने, रोज सहा ते सात. ती बोलते, मी ऐकते, काही विचारायचं तर टाइप करते. मला ‘नवखे भाऊ’ म्हणते! आणि हसते हो ती तिथं. खळखळून हसते. फोनवर मी कधी ऐकलं नव्हतं ते.

शिकवते कशी सांगू? माझ्यापेक्षा चांगली. मी ओरडायचे. ती ओरडत नाही. मी आपली वळण दिसलं की ब्रेक, वळण दिसलं की ब्रेक — आणि गाडी भिंतीवर. तर म्हणते, ‘भाऊ, भिंतीकडे बघू नका, जायचंय तिकडं बघा.’ सगळ्यात अवघड काय, माहितीये? एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरायचं असतं, तेव्हा स्टेअरिंग सोडायचं. सोडायचं! ते आपणहून गरगर फिरतं, मग अलगद धरायचं. माझी बोटं सुटेनात. तीन आठवडे सुटेनात. ‘गाडीला कळतं भाऊ, तुम्ही जरा हात काढा.’ आणि एक दिवस सुटली — गाडी डावीकडून उजवीकडे अशी गेली, ओलं कापड झटकावं तशी — आणि ती ओरडली, ‘शाब्बास!’ मी घरात एकटी, पण उठून उभी राहिले.

मग गेल्या सोमवारी काय झालं — बाकीचे गेले होते, आम्ही दोघीच. म्हणजे तिच्या लेखी ती आणि भाऊ. म्हणाली, ‘भाऊ, तुमचा क्लच काय सफाईदार आहे. असा मी एकाच माणसाचा पाहिलाय, माझ्या आईचा.’ काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं — तुम्ही खरी गाडीही अशीच चालवत असाल. म्हणाली, ‘नाही हो. विसाव्या वर्षी आईच्या शाळेची गाडी खांबावर घातली मी. रस्ता ओला होता, वळणावर घसरली. आई शेजारीच होती. तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. माझ्या हातांत ते नाहीच.’

माझ्या हातांत ते नाहीच — हे वाक्य तिचं नाही हो. माझं आहे. त्या खांबापाशी, माणसं जमलेली, तिच्या कपाळातून रक्त येतंय, आणि मी तिला म्हणाले, तुझ्या हातांत ते नाहीच.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. बघितलाय ना? ती वळण बरोबर घेत होती. अगदी बरोबर. मीच घाबरले आणि दाबला करकचून — ओल्या रस्त्यावर, भर वळणात. कुणाचीही गाडी गेली असती. मला तेव्हाच कळलं होतं. तिला वाटलं आपलंच चुकलं, आणि मी ते वाटू दिलं. सतरा वर्षं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. शाळेचं नाव जाईल म्हणून — छे, तेही खोटं. मला चुकायची सवय नव्हती, एवढंच.

तर मी टाइप केलं. एका बोटानं. ‘वळण तू बरोबर घेतलं होतंस. ब्रेक मी दाबला, माझ्या बाजूचा.’ पाठवलं, आणि मग वाचलं काय पाठवलं ते. तिची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इंजिनाची घरघर तेवढी. मग ती म्हणाली, ‘आई?’ — फोनवर म्हणते तसं नाही, लहानपणी तापात हाक मारायची तसं.

आणि मी वायर ओढली.

चार दिवस झाले. रोज सहाला फोन वाजतो. उचलत नाही मी. काय बोलू? तिथं कसं, हात कामात असायचे, बोलणं सुचायचं. म्हणून म्हटलं, चाक दुरुस्त झालं की तिथंच जाऊन बोलेन, तोवर — काय? दहा मिनिटांचं काम? लगेच होईल? अहो नाही, आत्ता कशाला उघडताय? मागे माणसं उभी आहेत तुमची, त्यांचं बघा आधी. मी येते आठ दिवसांनी. पंधरा झाले तरी चालतील. ठेवा ना तो पेचकस खाली — ठेवा म्हणते ना!